बाटलीचा हिशोब

(स्तनपान सप्ताहानिमित्त दिग्रस येथे झालेल्या महासंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. निंदण-डवरणीच्या गर्दीमुळे ज्या गटांच्या प्रतिनिधी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आधीच सांगून टाकते. माझं लग्न झालेलं नाही, मला लेकरू नाही. मागे एका गावात मी स्तनपानाची माहिती द्यायला उभी राहिले, तर एक आजी म्हणाली, "पोरी, तुले काय ठाऊक? पुस्तकात वाचून सांगून राहिली." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण आजीचं खरंच होतं. म्हणून आज मी पुस्तकातलं कमी आणि रजिस्टरातलं जास्त बोलणार आहे. रजिस्टर मला वाचता येतं.

जानेवारीची गोष्ट आहे. अरुणावती धरणाच्या बाजूच्या एका गावात मी गटाची वही तपासत होते. अंतर्गत कर्जाच्या पानावर एकाच ताईचं नाव तीनदा आलेलं. ऑक्टोबरमध्ये 1,000 रुपये, नोव्हेंबरमध्ये 1,500, डिसेंबरमध्ये 4,000. कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द, "दवाखाना". सचिवताईला विचारलं, घरी कोण आजारी आहे? ती म्हणाली, "तिची पोरगी. सारखी हगवण लागते तिले."

साडेसहा हजार रुपये, शेकडा दोन रुपये व्याजानं, आणि दोन हप्ते थकलेले. मी त्या घरी गेले ती थकबाकी विचारायला, पोरीसाठी नाही. हे कबूल केलेलं बरं.

घरी आजी होती आणि मांडीवर ती पोरगी. साडेपाच महिन्यांची. आई वेचाईला गेलेली. आजी बाटलीनं दूध पाजत होती. मी बाटली हातात घेतली. प्लास्टिकची, आठवडी बाजारातली. निप्पलचं छिद्र गरम सुईनं मोठं केलेलं, म्हणजे दूध लवकर उतरावं. निप्पल उलटं करून पाहिलं तर आतून पिवळट थर आणि आंबूस वास. आजी बाटली धूत नव्हती असं नाही. धूत होती, पण गावात नळ चार दिवसांआड येतो, बाटलीचं तोंड अरुंद, आत बोट जात नाही, आणि दिवसातून सहा वेळा दहा-दहा मिनिटं उकळायला सरपण कुणाकडे आहे? आजी आजीच्या परीनं सगळं नीट करत होती.

मग मी अंगणवाडीचं कार्ड मागितलं. जन्माचं वजन 2 किलो 600 ग्रॅम. दोन महिन्यांनी 4 किलो 300. चांगली भरत होती पोरगी. आणि आता, जानेवारीत, 4 किलो 600. साडेतीन महिन्यांत फक्त तीनशे ग्रॅम! या वयात एवढ्या काळात दीड किलोच्या पुढं वाढ व्हायला पाहिजे. वाढीची रेघ जिथून आडवी पडली, तिथंच आपल्या वहीतलं पहिलं कर्ज आहे.

संध्याकाळी ती ताई आली. मी तिला पंधरा मिनिटं ऐकवलं. आईचं दूध अमृत, बाटली म्हणजे विष, प्रशिक्षणात आम्हाला दिलेलं पोस्टर सगळं पाठ म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. डोक्याचा रुमाल सोडला आणि म्हणाली, "ताई, वेचाईचे पैसे किलोवर भेटतात. घरी येऊन पाजून परत गेली का आठ-दहा किलो कापूस कमी भरते. मी कापूस येचू का लेकराले पाजू, ते सांगा."

मला उत्तर आलं नाही. चहा पिऊन निघाले. रस्ताभर तेच वाक्य डोक्यात होतं. तिला माहिती नव्हती असं नाही, तिच्याकडे वेळ नव्हता. आणि आपण माहितीचे तक्ते लावत फिरतो.

नंतर दोन-तीनदा जाऊन बसले तेव्हा समजलं की बाटली वेचाईच्याही आधी आली होती, दुसऱ्या महिन्यात. पोरगी संध्याकाळची फार रडायची. शेजारणीनं सांगितलं, तुझं दूध पुरत नाही, वरचं दूध सुरू कर. नवऱ्यानं हौसेनं डबा आणला. इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ. अंगावरचं दूध विहिरीसारखं आहे. विहीर उपसत राहिली की झरे मोकळे राहतात, उपसा थांबला की बुजायला लागतात. लेकरू जेवढं ओढेल तेवढं दूध तयार होतं. बाटलीनं पोट भरलं की लेकरू अंगावर कमी ओढतं, म्हणून दूध कमी होतं, म्हणून आणखी एक बाटली द्यावी लागते. त्यातून बाटलीला ओढायला कष्ट नाहीत, निप्पल तोंडात दिलं की दूध येतं. अंगावर पिताना जबडा चालवावा लागतो. एकदा सोप्याची सवय लागली की लेकरू छातीला तोंड लावून रडायला लागतं, आणि आपण म्हणतो, पहा, दूध नाही म्हणून रडते.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. लेकरू गरमीनं रडतं, कडेवर घे म्हणून रडतं, उगाच पण रडतं. दिवसरात्र मिळून सहा वेळा किंवा जास्त लघवी होत असेल आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. शेजारीण काहीही म्हणो.

आता हिशोब. दिग्रसच्या मेडिकलमध्ये मी 400 ग्रॅमच्या डब्याची किंमत विचारली. कंपनीप्रमाणे चारशे ते पाचशे सांगितली, आपण साडेचारशे धरू. डब्यावर लिहिलेलं असतं, साधारण 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा पावडर. तीन महिन्यांचं लेकरू दिवसाला सातशे-साडेसातशे मिली दूध पितं. म्हणजे रोज चोवीस-पंचवीस चमचे, शंभर ग्रॅमच्या वर पावडर. डबा चार दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ डबे, 3,600 रुपये. अडीचशे रुपये रोज धरला तर महिन्यातले चौदा-पंधरा रोज नुसत्या पावडरचे. सरपण वेगळं, दवाखाना वेगळा.

आठ डबे कुणी आणतं का? ती ताई महिन्याला दोन आणत होती. मग दोन डबे महिनाभर कसे पुरले? पाण्यानं. चार चमच्यांच्या जागी एक. बाटली पांढरी दिसते, लेकराचं पोट तट्ट होतं, ते झोपतं. वजन मात्र भरत नाही. आणि तेच पाणी न उकळलेलं असेल तर हगवण. हगवणीनं वजन उतरलं की पुढचं दुखणं लवकर पकडतं. साडेसहा हजाराचं कर्ज असं उभं राहिलं. वेचाईच्या वेळेत जे कमावलं, ते दवाखान्यात गेलं.

गायी-म्हशीच्या दुधाचंही तेच. सहा महिन्यांखालच्या लेकराला ते पचायला जड, त्यात लोह फार कमी, आणि पाणी घातलं की परत तोच हिशोब.

ही गोष्ट आपल्याच तालुक्यातली आहे असं समजू नका. 1939 साली सिंगापूरला डॉ. सिसिली विल्यम्स नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक भाषण केलं. त्याचं नाव होतं "दूध आणि खून". ऐकायला डब्याच्या धंद्याशी ओळखी असलेली मोठी मंडळी बसलेली, आणि या बाईंनी सरळ सांगितलं की डब्याच्या दुधाचा चुकीचा प्रचार करून लेकरांचे जीव घेणं हा खून समजावा. 1974 मध्ये इंग्लंडात याच विषयावर "बेबी किलर" नावाची पुस्तिका निघाली, 1977 मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला, आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेनं डबे आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर जगासाठी नियमावली केली. आपल्याकडे 3 डिसेंबर 1991 ला स्तनपानासाठी काम करणारी एक देशव्यापी संस्था स्थापन झाली, बीपीएनआय. कुठे? वर्ध्याला. आपल्या यवतमाळच्या शेजारच्या जिल्ह्यात. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, संसदेत कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झाला. 2003 मध्ये तो आणखी कडक केला.

कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवा, कामी येईल. दोन वर्षांखालच्या लेकरांच्या डब्याच्या दुधाची, खाद्याची आणि दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे. फुकट नमुने वाटता येत नाहीत. दवाखान्यात या मालाचे फलक लावता येत नाहीत. डॉक्टर, नर्स, कुणालाही कंपनीनं भेटवस्तू द्यायची नाही. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायचं नाही आणि आईचं दूध सर्वांत उत्तम हे लिहिलंच पाहिजे. जाहिरातीचा नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे बाळंतपणानंतर कुणी तुमच्या हातात फुकटचा डबा ठेवला, तर तो उपकार नाही, तो गुन्हा आहे. ग्रामसभेत विचारा, गटाच्या वहीत नोंद करा.

बाळंतपणावरून आठवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल आहे, 2019 ते 2021 चा. देशात शंभरातली 88 बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण पहिल्या तासात आईच्या अंगावर घेतलेली बाळं शंभरातली फक्त 42. दवाखान्यापर्यंत आपण पोचलो, दुधापर्यंत नाही. मधल्या वेळात काय होतं हे इथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. चीक पिळून टाकतात, मध चाटवतात, गुळाचं पाणी देतात. आज्ज्यांनो, रागावू नका, पण गाय व्याली की तिचा चीक वासराला आधी पाजता ना? वासराला जे कळतं ते आपल्या नातवाला लागू नाही का? चिकातच रोगाशी लढायची ताकद असते. आणि मध वर्षाच्या आतल्या लेकराला अजिबात नको.

उन्हाळ्यातलं पाणी हा दुसरा मुद्दा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, आजीला वाटतं लेकराचा गळा सुकला. आईच्या दुधात शंभरात 88 भाग पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी नको, उन्हाळ्यातही नको. पाणी आईनं प्यावं. तांब्याभर पाणी आधी तिला द्या.

मोठ्या लेकरांबद्दल थोडं बोलते, कारण बाटली वर्षाला सुटत नाही. मागच्या महिन्यात एका अंगणवाडीत तीन वर्षांचा पोरगा बाटली घेऊन आला, बाटलीत चहा. समोरचे वरचे चारही दात तपकिरी, कडा झडलेल्या. रात्री गोड दुधाची किंवा चहाची बाटली तोंडात ठेवून लेकरू झोपलं की गोडवा रात्रभर दाताला लागून राहतो आणि दात किडतात. दुधाचे दात पडणारच, असं म्हणू नका, दुखणाऱ्या दातानं लेकरू भाकर चावत नाही. आडवं निजवून बाटली दिली तर दूध नाकाच्या मागच्या नळीतून कानाकडे जाऊ शकतं, आणि मग कान फुटतो, वाहतो. आणि दिवसभर दुधावर राहिलेलं लेकरू वरण-भाताला तोंड लावत नाही, त्याच्या अंगात रक्त कमी होतं. चहानं ते आणखी कमी होतं, कारण अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. सहा महिने झाले की वरचं अन्न सुरू करायचं आणि पाणी-दूध पेल्यानं पाजायची सवय लावायची. सांडतं, चालेल. वर्षाच्या लेकराच्या हातात बाटली नसावी.

आता त्या पोरीकडं परत येते. तुम्ही वाट पाहत असाल.

आशाताई आणि मी मिळून गेलो. आधी हगवणीचं पाहिलं. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या 14 दिवस, अंगावरचं दूध बंद न करता. (डोळे खोल गेले, लघवी थांबली, लेकरू पीतच नाही किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी बसायचं नाही, सरळ ग्रामीण रुग्णालय.) मग दूध परत आणायचं काम. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा पोरीला अंगाशी लावायचं, दूध येवो न येवो. त्यासाठी आईला वेचाई सोडावी लागणार होती, आणि इथं गट कामी आला. गटानं बैठक घेऊन तिचे दोन हप्ते पुढं ढकलले आणि त्या महिन्याचं व्याज सोडलं. माझ्या अहवालात ती थकबाकी दिसली, त्यावरून मला विचारणाही झाली. ती मी ऐकून घेतली.

दूध एका दिवसात आलं नाही. पहिला आठवडा पोरगी छातीला तोंड लावायची आणि रडायची. आजी म्हणायची, द्या न बाटली. वरचं दूध चालू ठेवलं, पण डॉक्टरांना विचारून, योग्य मापानं आणि वाटी-चमच्यानं. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "ताई, पान्हा फुटल्यासारखा वाटते." पूर्ण दूध नाही आलं. अर्ध्याच्या आसपास आलं असेल. तोवर पोरगी सहा महिन्यांची झाली, वरण, नाचणीची पेज सुरू झाली. आज ती वर्षाची आहे, धरून उभी राहते, वजन साडेसात किलो. शेजारच्या तिच्याच वयाच्या पोरीजवळ ठेवलं तर अजूनही लहान दिसते.

तिच्या आईचा प्रश्न मात्र तसाच होता, कापूस येचू का लेकराले पाजू. त्याचं उत्तर मला त्या गटातल्या बायांनी दिलं. तेच आज तुमच्यासमोर ठेवायचं आहे.

एक म्हणजे दूध काढून ठेवणं. कामाला निघण्याआधी हात साबणानं धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत हातानं दूध काढायचं, झाकायचं, सावलीत गार जागी ठेवायचं. चार तास टिकतं, उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नका. चुलीवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. लेकराला उभं धरून चमच्यानं थोडं थोडं द्यायचं. पूर्वी घरोघरी बोंडलं असायचं, काही आज्ज्यांच्या फडताळात अजून असेल. ते चालेल, फक्त त्याची चोच नीट धुवा आणि घशात ओतू नका. वाटी-चमचा बाटलीपेक्षा चांगला का, तर त्यात लपायला जागा नाही. घाण दिसते, धुता येते.

दुसरं म्हणजे लेकरू शेताजवळ आणणं. त्या गावात पाच लेकुरवाळ्या बायांनी मिळून एक आजी ठरवली. शेताच्या कडेला, निंबाखाली, झोळ्या बांधल्या. आजी लेकरं सांभाळते, भूक लागली की हाक मारते, आई वीस मिनिटांत पाजून परत वेचाईला. घरी जाऊन येण्यात जे दहा किलो जात होते ते दोन-तीन किलोवर आलं. एक काळजी मात्र घ्यायचीच. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. ज्या वावरात फवारणी झाली असेल तिथं लेकरू न्यायचं नाही. आणि कुठल्याही वावरात पाजण्याआधी वेचाईचा वरचा शर्ट काढायचा, हात साबणानं धुवायचे.

रोजगार हमीच्या कामावर तर ही सोय हक्काची आहे. पाच किंवा जास्त लहान लेकरं कामावर येत असतील तर ती सांभाळायला एक बाई ठेवायची आणि तिला मजुरी द्यायची, असं नियमात आहे. खाजगी वावरात नियम नाही, म्हणून ते आपल्याला करायचं आहे. हिरकणी रायगडाचा कडा उतरून लेकरासाठी घरी गेली, आपण तिचं कौतुक करतो, एसटी स्टँडवरच्या खोलीला तिचं नाव देतो. मला नेहमी वाटतं, गडाचा दरवाजा कुणी उघडला असता तर तिला कडा उतरावा लागला नसता.

ज्यांना खरोखरच दूध पाजता येत नाही, आई दगावली, आई फार आजारी आहे, डॉक्टरांनी नको सांगितलं, त्यांना कुणी बोल लावू नये. त्यांच्यासाठी पावडर आहे. पण पूर्ण मापानं आणि वाटी-चमच्यानं. डब्याचे पैसे पुरत नसतील तर गटाला आधी सांगावं, पाणी वाढवू नये.

आता ठरावाचं. यंदाच्या वेचाईसाठी, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, ज्या गावात पाच लेकुरवाळ्या असतील तिथं एक आजी ठरवायची. रोजचे दोनशे रुपये, पाचजणींचे चाळीस-चाळीस. ज्या गावात पाच भरत नाहीत, दोन-तीनच आहेत, तिथं कमी पडणारी रक्कम महासंघाच्या आरोग्य निधीतून द्यायची की गटानं भरायची, यावर दोन मतं आहेत. कोषाध्यक्ष ताईंचं म्हणणं आहे की निधी एवढा नाही. त्यांचं बरोबर आहे, मी वही पाहिली. म्हणून पहिल्या वर्षी फक्त चार गावांपुरतं धरू, असं मी सुचवते. दोनशे कमी वाटत असतील तर आत्ताच बोला, आजीच्या पायात काटा बोचेल असं काम आहे.

आणि जायच्या आधी प्रत्येक सचिवताईनं माझ्या वहीत गावाचं नाव आणि दिवाळीला सहा महिन्यांखालची किती लेकरं असतील तो आकडा लिहून द्यावा. बाईचं नाव लिहू नका. नुसता आकडा.